हेमाची दुर्री

हेमा आणि उल्हासभाऊ ब्रिजच्या टेबलावर भांडायला लागले की आमच्या बागेतली संत्री पिकायच्या आधीच गळून पडायची. खोटं वाटतं? बागवानाला विचारा. आंबिया बहार धरला की तो हात जोडून म्हणायचा, "मॅडम, एवढी फळं उतरेपर्यंत तरी रमी खेळा ना बाप्पा."

भांडण डाव संपल्यावर सुरू व्हायचं. हेमा नवऱ्याला आडनावानंच हाक मारायची.

"हरकरे, मी तुम्हाला बदाम मागून राहिले होते. तुम्ही चौकट घेऊन आले! भाजी आणायला पाठवलं होतं का?"

"मागत होतीस होय?" उल्हासभाऊ पत्ते पिसत म्हणायचे. "चेहरा बघून मला वाटलं, धमकावून राहिली आहेस."

मग सगळे पत्ते पुन्हा टेबलावर मांडले जायचे. कोणी काय टाकलं, का टाकलं, कोणत्या पत्त्याला कोण शिंकलं, सगळं दोघांना पाठ. गुंडावार वकील, म्हणजे माझे पार्टनर, तेवढ्यापुरतं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचे. मी मात्र एक शब्द सोडायचे नाही. नाटकाला तिकीट लागतं, हे फुकट होतं.

आम्ही राहतो ती म्हाताऱ्यांची वसाहत नागपूरहून काटोल रोडनं पुढं गेलं की लागते. मधे संत्र्याची बाग, बागेच्या अलीकडे आमची इमारत, पलीकडे दुसरी. त्या दुसरीला छान नाव होतं, पाटीही होती, पण आम्ही तिला नुसतं 'पलीकडे' म्हणायचो. ज्यांना आपलंच घर ओळखू येईनासं होतं ते पलीकडे जायचे. नवरा-बायको असले तरी ज्याचं डोकं गेलं त्यानं एकट्यानं जायचं, असा नियम. गेलेलं माणूस परत आलेलं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं.

ब्रिज येत नसेल तर एवढंच समजा. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. आधी बोली लावायची: आम्ही इतके हात करू, अमका रंग हुकूम. ज्यांची बोली वर चढली त्यांनी डाव खेळायचा. त्या दोघांतल्या एकाचे पत्ते सगळ्यांसमोर उघडे पसरतात. तो डमी, म्हणजे रिकामटेकडा. उरलेल्या दोघांनी मिळून तो डाव पाडायचा. हे पाडणं सगळ्यात अवघड, कारण दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. बोलायचं ते पत्त्यानं. पार्टनरनं एक रंग काढला आणि मी मोठा पत्ता टाकला, तर 'हाच पुन्हा आण'. लहान टाकला, तर 'हा सोड, दुसरं बघ'. बस. एवढ्या दोन शब्दांत हेमा आणि उल्हासभाऊ जन्मभर गप्पा मारत आले होते. मी आणि माझे यजमान पन्नास हजार शब्द वापरूनही तेवढं बोललो नाही.

उल्हासभाऊ कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. वर उभं राहून खाली काय आहे ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. पत्त्यांतही तेच करायचे. तीन-चार हात झाले की आपल्या मुठीतले पत्ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

मग ते टेबल आलं.

दिसायला साधंच, हिरव्या कापडाचं. पण पत्त्यांच्या पोटात केसाएवढी तार आणि टेबलाच्या पोटात ते वाचणारं यंत्र. कोणी काय टाकलं, किती वेळ घेऊन टाकलं, सगळं त्याला कळायचं. बोलायचं नाही, चूक दाखवायचं नाही, नुसतं बघत राहायचं. म्हणून आम्ही त्याचं नाव सासू ठेवलं.

वसाहतीची डॉक्टर अनघा तिडके. माझ्या नातीच्या वयाची पोरगी. तिनं आम्हाला बसवून सगळं समजावून दिलं.

"विसरण्याचा आजार नावं विसरण्यापासून सुरू होत नाही, आजी. ते फार पुढचं. त्याच्या कितीतरी आधी, जे समोर दिसत नाही त्याचा अंदाज बांधणं अवघड जायला लागतं. बोली सवयीनं लावता येते. पण समोरच्याचा डाव पाडताना न दिसणारे दोन हात मनात धरावे लागतात, आणि दर पत्त्याला ते चित्र बदलावं लागतं. मेंदूची झीज सुरू झाली की पहिलं तेच अडखळतं."

"म्हणजे मी चुकीचा पत्ता टाकला की मी वेडी?" मी विचारलं.

"एका पत्त्यावरून नाही हो. टेबल दर वेळी एवढंच बघतं, की या माणसाला तेव्हा जे दिसत होतं आणि पार्टनरनं जे कळवलं होतं, तेवढ्यावरून हा पत्ता बरोबर होता का? शेकडो डावांनंतर प्रत्येकाची एक रेघ तयार होते. ती सारखी घसरायला लागली की मला कळतं."

"कळून काय करणार?"

"सुई आहे आता. घसरण जिथं आहे तिथं थांबते. पण गेलेलं परत येत नाही, आणि फार उशीर झाला तर सुई लागूच पडत नाही."

"वाळू भरण्यासारखं आहे," उल्हासभाऊ म्हणाले. "कोळसा काढला की पोकळीत वाळू भरतात. छत बसायच्या आधी. बसल्यावर कितीही वाळू ओता."

डॉक्टर खूश झाली. तिला नंतर सगळ्यांना तेच सांगायची सोय झाली. पण सुई घ्यायची तर सहा महिने पलीकडे राहावं लागेल, हे तिनं हळूच शेवटी सांगितलं. एखाद्याच्या डोक्यात रक्त साकळतं, म्हणून लक्ष ठेवायला. आमच्या देशकरांनी पुढं सुई घेतली, त्यांच्या डोक्यात तसंच साकळलं आणि ते वारले. डॉक्टरनं समजावलं त्या संध्याकाळी उल्हासभाऊ हेमाला म्हणाले, "माझे बाबा असेच विसरत विसरत गेले होते. शेवटी मला 'कोण पाहिजे?' विचारायचे. माझं तसं झालं तर मला घरातच ठेव. तिकडे पाठवू नकोस." मी तिथंच बसले होते. हेमा म्हणाली, "नाही पाठवत. आता औषध घ्या."

संक्रांतीनंतरची गोष्ट. गुंडावार वकिलांनी चार इस्पिकची बोली जिंकली, तेरापैकी दहा हात करायचे. मी डमी. उल्हासभाऊंनी बदामाचा एक्का काढला. मी माझे पत्ते पसरले आणि चहा आणायला उठले. डमीनं दुसऱ्यांचे पत्ते बघायचे नसतात, तसा नियमच आहे. पण चहाचा थर्मास हेमाच्या पाठीमागे ठेवलेला असेल तर माणसानं काय डोळे मिटून चालायचं?

हेमाच्या हातात बदामाचा राजा होता, नव्वी होती, अजून एक बारीक पत्ता आणि दुर्री. मला लगेच दिसलं. राजा हातात नसताना उल्हासभाऊंनी एक्का काढला म्हणजे त्यांच्याकडे बदाम दोनच असणार, ते संपवून हुकूम मारायचा बेत. हेमानं नव्वी टाकायची, 'पुन्हा आण' म्हणायचं. ते दुसरा बदाम आणतील, हिचा राजा. ही तिसरा बदाम काढेल, तो ते हुकमानं तोडतील. वरून हिच्याकडे चौकटचा एक्का, झाले चार हात. वकिलांचा डाव बसला मातीत.

हेमानं दुर्री टाकली.

उल्हासभाऊंनी किलवर काढला. वकिलांनी डाव आरामात केला.

"हेमा," उल्हासभाऊ म्हणाले, "राजा होता ना तुझ्याकडे? मग दुर्री कशी टाकलीस?"

मी कप खाली ठेवून नाटकाला तयार झाले. बागवानानं संत्र्यांना हात दिला असेल.

"चुकलं माझं," हेमा म्हणाली.

मी एकदा नवेगावच्या तळ्यात मगरीला जांभई देताना पाहिलंय. तेव्हासुद्धा मला एवढं आश्चर्य वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीत गाठलं तिला. मुगवड्या घालून राहिली होती.

"नव्वी होती तुझ्याकडे," मी म्हटलं.

"चोरून बघितलंस?"

"जाता जाता दिसलं. काहून टाकली दुर्री?"

तिनं आणखी चार वड्या घातल्या. मग म्हणाली, "एक्का टाकला आणि त्यांची बोटं लगेच डावीकडे, ते किलवर लावतात तिथं गेली. एक्का कशासाठी काढला तेच ते विसरले होते. डोळे बघितले मी, ज्योत्स्ना. खोलीत दिवा चालू आणि आत कोणी नाही, तसे. मी नव्वी टाकली असती तर किलवर काढणं त्यांची चूक झाली असती. दुर्री टाकली, चूक माझी झाली. सासूला वाटलं, नवरा बिचारा बायकोचं ऐकतो."

"पहिल्यांदाच केलंस?"

"दिवाळीपासून करून राहिले आहे. ते कुठं चुकणार ते मला त्यांच्या आधी कळतं. मी आधीच तिथं जाऊन बसते."

मी वड्यांचं ताट बाजूला सरकवलं.

"अगं पण सुई आहे ना!"

"सहा महिने पलीकडे. झोपेत माझा हात लागला नाही तर उठून बसतात ते. आणि देशकरांचं काय झालं?"

"एका देशकरांचं झालं म्हणून..."

"मला दुसरे हरकरे नाहीत." तिनं वड्यांवर फडकं टाकलं. "वय झालंय त्यांचं. कधी चुकतात, कधी वाघासारखे खेळतात. एवढ्यासाठी मी त्यांना तिकडे देणार नाही. शब्द दिलाय. तू तोंड बंद ठेव. शपथ घे."

मी मान हलवली. शपथेचा शब्द काही उच्चारला नाही. इतकी वर्षं थापा मारल्यात, एवढी अक्कल आहे मला.

चार दिवस तगमग करून मी डॉक्टरकडे गेले. सगळं सांगितलं. नव्वी, दुर्री, बोटं, डोळे. अनघा गालाला हात लावून ऐकत होती. मग हसली.

"आजी, मागच्या महिन्यात बागेत बिबट्या आला आणि तुम्ही 'खाली बस' म्हटल्यावर बसला."

"बसलाच होता."

"तो बागवानाचा कुत्रा होता."

"अंधार होता. पण हे खरं आहे, पोरी."

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. दोन रेघा. उल्हासभाऊंची ताणलेल्या दोरीसारखी सरळ. हेमाची पायऱ्या उतरल्यासारखी खाली.

"हेमाआजींचीच घसरते आहे. तुमची मैत्रीण आहे, तुम्हाला मानवत नाही, समजतं मला. पण मुद्दाम हरण्यासाठी कोण खेळेल?"

तेच तर. ते टेबल बनवणारे हुशार असतील, पण पत्ते खेळणारं माणूस जाणूनबुजून चुकेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या मात्र आलं होतं आणि काही उपयोग नव्हता. जन्मात एकदा खरं बोलायला गेले, तर तेही बिबट्याच्या शेजारी जाऊन बसलं.

"निदान उल्हासभाऊंचं रक्त तपास."

"त्यांची किंवा हेमाआजींची सही आणा, लगेच तपासते."

हेमा देणार नव्हती. उल्हासभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "माझी रेघ सरळ आहे म्हणे, ताई. तुम्ही तुमची बघा." वकिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुरावा काय? चोरून बघितलेले पत्ते?" होळी आली, गेली. दर संध्याकाळी मी हेमाच्या हाताकडे बघायचे. दर संध्याकाळी एखादी दुर्री, एखादी तिर्री, बाईसाहेबांची माफी, आणि बागेत संत्र्यांनी झाडं वाकलेली. बागवान तेवढा सुखी होता.

आषाढी एकादशी झाली तेव्हा डॉक्टरनं हेमाला बोलावलं. मी सोबत गेले. अनघाचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"हेमाआजी, तुमची रेघ बरेच महिने घसरते आहे. पलीकडे येऊन राहावं लागेल. तपासण्या होतील, महिना-दीड महिना लागेल. मग सुईचं ठरवू. लवकर सापडलंय, घाबरू नका."

मी हेमाकडे बघितलं. आता तरी सांगेल. तिनंही माझ्याकडे बघितलं. तिचा तो चेहरा मला ओळखीचा होता. बोलीच्या वेळी असा करायची. खरं सांगितलं तर ते जाणार, नाही सांगितलं तर ही जाणार.

"हो डॉक्टर," ती म्हणाली. "अलीकडे विसरते मी."

बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. "खरंच वेडी झालीस का?"

"हळू बोल. तपासणीत काही निघणारच नाही. मी ठणठणीत आहे. महिन्यानं परत येईन. मग टेबलच खोटं ठरेल आणि हाकलतील त्याला. कोणाची रेघ नाही आणि काही नाही. पत्ते चांगले आहेत माझे, ज्योत्स्ना."

हेमा बोलीत कधी वर जायची नाही. पाचची बोली दिसत असेल तर चारवर थांबणारी बाई. त्या दिवशी पहिल्यांदाच ती हातात नसलेल्या पत्त्यांवर बोलली.

"तोवर तू त्यांची पार्टनर हो," ती म्हणाली. "त्यांच्या बोटांकडे बघत जा. कळतं."

मला नाही कळलं. मी बघायचे हो बोटांकडे. पण बोटं मला काही सांगायची नाहीत. ती हेमाशी बोलणारी बोटं होती. मी दुर्री टाकली तेव्हा त्यांनी नेमकं तेच पुन्हा आणलं, मोठा टाकला तेव्हा सोडून दिलं. माझ्या जागेवर, वकिलांसमोर, डॉक्टर बसायला लागली. तिला आमच्याकडून खेळ शिकायचा होता. बावळट खेळायची आणि खूप हसायची. पण दोन-तीन आठवड्यांत तिचं हसू कमी झालं. पत्त्यांपेक्षा उल्हासभाऊंकडे जास्त बघायला लागली.

पोळ्याच्या आधीची दुपार. उल्हासभाऊंनी बोली सुरू केली, "एक बदाम." वकील पास. मी "दोन बदाम" म्हटलं. डॉक्टर पास. उल्हासभाऊंनी क्षणभर वर बघितलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "चार बदाम." अगदी बरोबर बोली. त्यांच्या तरुणपणीसुद्धा याहून चांगली झाली नसती. मला वाटलं, नाही, अजून आहे माणूस आत.

वकिलांनी किलवरचा राजा काढला. मी माझे पत्ते पसरले.

उल्हासभाऊ त्या पत्त्यांकडे बघत राहिले.

"हे कोणाचे?"

"माझे, उल्हासभाऊ."

"तुम्ही कशाला मांडले? दोन बदाम हेमा बोलली." त्यांनी दाराकडे बघितलं. "हेमा, ये ना. पत्ते मांड. लोक थांबलेत."

वकिलांनी कानातलं यंत्र काढलं आणि हातातच धरून बसले. उल्हासभाऊ उठले, हातातले पत्ते नीट मुठीत धरून, आणि बाहेर गेले. डॉक्टर त्यांच्या मागे धावली. ते काटोल रोडच्या कडेला सापडले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून आत वाकून बघत होते. गाड्यांना चालक नसतातच आता. त्या नुसत्या थांबायच्या, दार उघडायच्या आणि विचारायच्या, "कुठं जायचं?"

त्या संध्याकाळी अनघानं टेबलाला सगळे जुने डाव पुन्हा तपासायला लावले. या वेळी त्याला सांगितलं, की हेमाचा पत्ता खरा धरू नकोस, ती त्यांची चूक झाकून राहिली होती असं धर. सासूला एवढं कळायची खोटी, तिनं खरी रेघ काढून दिली. दिवाळीपासून सुरू होऊन ती गाळात गेली होती. त्यांच्या रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. हेमाचं सगळं स्वच्छ होतं.

मी आणि डॉक्टर पलीकडे गेलो. हेमा खिडकीशी बसली होती, पिशवी भरून. महिना होऊन गेला होता, घरी जायची वाट बघत होती. अनघानं सगळं सांगितलं. आवाज मऊ करायचासुद्धा विसरली.

"होळीपर्यंत सुई लागू पडली असती," ती शेवटी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी सांगायला आल्या होत्या तेव्हा वेळ होती."

हेमानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"म्हणजे मी तेव्हा नव्वी टाकली असती तर?"

अनघा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हेमाच्या पाठीवर ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

पोळा झाल्यावर दोघांची अदलाबदल झाली. एकच वाट आहे बागेतून. इकडून उल्हासभाऊ आणि डॉक्टर, तिकडून हेमा आणि मी. मधोमध गाठ पडली.

"अरे, हेमा!" त्यांचा चेहरा उजळला. "कुठं निघालीस?"

"घरी."

"मी पण," ते म्हणाले, आणि पुढं चालायला लागले.

हेमानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता तिचा.

टेबल अजून आहे. आता त्यात सुधारणा केली आहे म्हणतात, कोणी कोणाला झाकून घेतलं तर तेही ओळखतं. मी त्यावर बसत नाही. हेमा, वकील आणि मी रोज दुपारी पलीकडे जातो. तिथं जेवणघरात प्लॅस्टिकच्या टेबलावर साध्या पत्त्यांनी खेळतो. खेळतो म्हणजे बोली लावतो. तेवढं उल्हासभाऊंना अजून येतं, कधी कधी. बोली संपली की पत्ते कोणीही कसेही टाकतं. वकील प्रत्येक हाताला "वा, वा" म्हणतात.

परवा हेमा त्यांच्यासाठी पाणी आणायला उठली. ते माझ्याकडे वाकले. कुजबुजल्यासारखं बोलत होते, पण त्यांची कुजबुज जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. हेमा पेला हातात घेऊन मागे उभी होती.

"ताई, एक सांगतो. कुणाला बोलू नका. हेमाचं काही खरं नाही."

"काय झालं तिला?"

"चुकीचे पत्ते टाकते. इतकी पक्की खेळणारी, पण राजा हातात असून नाही म्हणते. मला कळायचं ना. कोणाकडे काय आहे ते मला कळतं. पण मी तसंच खेळायचो, तिच्या मनासारखं. मी दुसरं खेळलो असतो तर टेबलाला कळलं असतं की ही चुकली." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "मग तिला घेऊन गेले असते. मी बोललो नाही. तुम्हीही बोलू नका."

त्यांना तेव्हा खरंच कळत होतं, की हे सगळं त्यांच्या डोक्यानं मागाहून जुळवलं, मला माहीत नाही. मी त्यावर फार विचार करत नाही. मला थापेतलं आणि खऱ्यातलं अंतर चांगलं कळतं असा माझा समज होता.

"नाही बोलणार," मी म्हटलं.

हेमा पुढं आली. पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि आपले पत्ते उचलून खुर्चीवर बसली. डोळे कोरडे होते तिचे.

"हो हो, हरकरे," ती म्हणाली. "विसरते मी अलीकडे. तुम्ही सांभाळून घ्या."

"घेतो ना. दे इकडे."

त्यांनी टेबलावर वाकून तिच्या हातातले पत्ते काढून घेतले. जीभ दातांत धरून, एकेक पत्ता डोळ्यांजवळ नेऊन रंगवार लावले. तरी इस्पिकांत दोन किलवर घुसले होते, एक चौकट उलटी होती. मग सगळे पुन्हा पंख्यासारखे पसरून तिच्या हातात दिले आणि तिची बोटं त्यांच्याभोवती नीट मिटवली.

हेमानं ते तसेच धरले आणि बोली लावली.